न्यायाधीशावाचून शिक्षा

शिक्षेपूर्वी फिर्याद असावी, साक्षीपुरावा व्हावा आणि मग निवाडा लागावा, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, ज्यांचे निकाल आज आपल्याला जाचक वाटतात त्या पेशवाईतील ग्रामण्यांतसुद्धा आरोपीची कैफियत ऐकली जावी, अशी अपेक्षा असे. रोमन कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यात मात्र बहिष्काराचा एक प्रकार असा आहे की, त्यात ना फिर्याद, ना न्यायासन. कृत्य घडले त्याच क्षणी कर्ता आपोआप संस्कारांना पारखा होतो. ‘लाताए सेन्तेन्तिए’ हे त्याचे लॅटिन नाव. ११३९ साली दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूवर हात टाकणाऱ्यास अशीच शिक्षा सांगितली आणि, मृत्यू समोर उभा असल्याखेरीज, तिच्यातून मुक्त करण्याचा अधिकार पोपकडे राखून ठेवला. पुढील शतकांत अशा अपराधांचे इतके रान माजले की, १८६९ साली नवव्या पायस पोपना त्यांची छाटणी करावी लागली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले.

त्या मोजक्यांत स्त्रियांच्या गुरुदीक्षेचा समावेश नव्हता. संहितेचे १०२४ वे कलम म्हणते की, स्नानसंस्कार झालेल्या पुरुषालाच ही दीक्षा वैधतेने मिळते. अर्थात स्त्रीला दिलेली दीक्षा मुळातच शून्य. जे घडूच शकत नाही त्याला दंड कशाला, असा विचार त्या मौनामागे असावा, असे मला वाटते. प्रश्न मात्र जुनाच होता. १९६२ साली, दुसरी व्हॅटिकन परिषद भरण्यापूर्वी, गेर्ट्रूड हाइन्त्सेलमान या स्विस वकील बाईंनी तिच्या पूर्वतयारी मंडळाकडे त्याविषयी अर्ज धाडला होता. १९७६ साली रोमने सविस्तर नकार दिला, आणि १९९४ साली दुसऱ्या जॉन पॉल पोपनी, असा अधिकार धर्मसभेला मुळी नाहीच, असे सांगून चर्चेचे दार लावून घेतले.

पण हा नकार लेखी उतरण्याआधीच, साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात, एक गोष्ट घडून गेली होती. चौदा वर्षे तुरुंगवास भोगलेले आणि गुप्तपणे बिशपपदाची दीक्षा मिळालेले फेलिक्स दाविदेक ब्र्नो येथे एक भूमिगत ख्रिस्तसमाज चालवीत असत. कारागृहातील स्त्रिया, त्यांत संन्यासिनीही, कोणत्याही धर्मगुरूवाचून कशा राहतात, हे जाणून असलेल्या दाविदेकांनी डिसेंबर १९७० मध्ये आपल्या अनुयायांची सभा भरवून स्त्रियांच्या दीक्षेचा विषय पुढे मांडला. सभेत दोन तट पडले, काही जण तर कायमचे दुरावले. तरीही २८ डिसेंबरच्या रात्री त्यांनी लुडमिला याव्होरोव्हा यांना गुरुदीक्षा दिली. राजवट कोसळेपर्यंत ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक होती. ती उघड झाल्यावर रोमने त्यांची दीक्षा अवैध मानली, त्यांना पौरोहित्याची मनाई झाली, पण बहिष्कार काही त्यांच्यावर आला नाही.

बहिष्काराची वेळ आली ती डॅन्यूब नदीवर. २९ जून २००२ रोजी, म्हणजे गुरुदीक्षेसाठी परंपरेने शुभ मानलेल्या संत पेत्र व पौल यांच्या सणाच्या दिवशी, पासाउजवळ एका नौकेवर सात स्त्रियांनी रोमुलो ब्रास्की या अर्जेंटिनी बिशपांच्या हातून दीक्षा घेतली. ब्रास्की स्वतः आधीच बहिष्कृत होते. किनाऱ्यावरच्या कोणत्याही धर्मप्रांताचा अंमल चालू नये म्हणून नदीची निवड केल्याचे सांगतात. त्या सातजणींत इडा रामिंग होत्या, आणि स्त्रियांना पौरोहित्यातून वगळण्यामागील धर्मशास्त्रीय आधारांची चिकित्सा करणारा त्यांचा प्रबंध १९७३ सालीच प्रसिद्ध झालेला होता; तेव्हा आपण कोणत्या कलमावर पाऊल ठेवतो आहोत, हे त्यांना इतर कोणाहूनही अधिक नेमके माहीत असणार. कार्डिनल रात्सिंगर यांच्या खात्याने १० जुलैला ताकीद देऊन पश्चात्तापासाठी २२ जुलैपर्यंत मुदत दिली. तो दिवस मरिया माग्दालियेच्या सणाचा, पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांना प्रथम सांगणाऱ्या स्त्रीचा. योजून केले असेल तर टोचणी सूक्ष्म आहे, नसेल तर योगायोग मोठा मार्मिक. मुदत टळली, ५ ऑगस्टला बहिष्काराचा हुकूम निघाला, आणि स्त्रियांनी फेरविचाराचा अर्ज केला तेव्हा डिसेंबरमध्ये तो फेटाळताना खात्याने मुद्दाम स्पष्ट केले की, ही शिक्षा आपोआप लागू झालेली नसून रीतसर ताकिदीनंतर लादलेली आहे. कायद्यातली उणीव खुद्द कायदा राबवणाऱ्यांनीच दप्तरी नोंदवून ठेवली, असे म्हणावयास हरकत नाही.

ती उणीव १९ डिसेंबर २००७ च्या सर्वसाधारण हुकुमाने भरून निघाली: दीक्षा देणारा आणि घेऊ पाहणारी स्त्री दोघेही आपोआप बहिष्कृत, आणि सुटकेचा अधिकार केवळ रोमकडे. पुढे सुधारलेल्या संहितेत हेच १३७९ व्या कलमात येऊन ८ डिसेंबर २०२१ पासून अमलात आले. प्रत्यक्ष बजावणी मात्र इतकी निर्विघ्न नव्हती. ऑगस्ट २००८ मध्ये केंटकी राज्यात अशा एका दीक्षासमारंभात सहभागी झालेले मेरीनोल संघाचे फादर रॉय बूर्झ्वा यांना क्षणार्धात लागू झालेल्या म्हणवल्या जाणाऱ्या या शिक्षेबद्दल रोमहून पत्र आले, तेही माघार घेण्यास तीस दिवसांची मुदत देऊन. त्यांनी माघार घेतली नाही. आणि २०१२ साली त्यांना संघातून व पौरोहित्यातून काढून टाकावयाचे ठरले, तेव्हा त्यासाठी सहीशिक्क्याचा वेगळा हुकूम काढावाच लागला.