पुनरारंभ आणि पुरावा : संगणकातील एका दोषाचा इतिहास

लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक सुरू करावा, पडद्यावर निर्मात्याचे चिन्ह यावे, प्रणाली निवडण्याची यादी दिसावी, चार-दोन ओळी सरकाव्यात आणि एकाएकी सारे अंधारून पुन्हा तेच चिन्ह उमटावे, हा प्रकार संगणक बाळगणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकास त्यात एक विशेष गोष्ट दिसते. इतर बहुतेक दोष आपली काही ना काही खूण मागे ठेवतात. हा दोष मात्र आपल्या खुणा स्वतःच पुसून टाकतो. यंत्र पुन्हा सुरू झाले की त्याच्या स्मृतीतील आधीची स्थिती विश्वसनीय राहत नाही. घटना घडली हे निश्चित, पण तिचा साक्षीदार त्या घटनेतच नाहीसा झालेला असतो. हा विचित्र प्रसंग यंत्रविद्येत केव्हा व कसा उत्पन्न झाला आणि त्यावर कोणते उपाय निघाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच्या यंत्रांपुढे ही अडचण या स्वरूपात नव्हती. त्याचे उदाहरण मुंबईतच सापडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले गणकयंत्र १९६० साली कार्यान्वित झाले व १९६२ साली त्यास टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची, २,०४८ शब्दांची होती. फेराइटचे चुंबकत्व वीज गेल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून अशा स्मृतीचे यंत्र मध्येच थांबले, तरी थांबण्याच्या क्षणीचा मजकूर तत्त्वतः तपासता येत असे. शिवाय यंत्रापाशी माणसे सदैव उपस्थित असत. म्हणजे पुरावाही जागेवर आणि तपासनीसही जागेवर. पुढे १९७० च्या दशकात अर्धवाहक स्मृतीचा प्रसार झाला. ती स्वस्त व जलद होती, परंतु वीज खंडित होताच रिकामी होणारी होती. स्मृतीची नक्कल काढून ठेवण्यास अद्यापि ‘कोअर डंप’ म्हणतात, त्यात त्या जुन्या कड्यांचीच आठवण उरली आहे.

दुसरे कारण वैयक्तिक संगणकाच्या रचनेत आहे. इंटेलच्या ८०२८६ या प्रक्रियकात एखादा दोष हाताळताना दुसरा दोष उद्भवला आणि तोही हाताळता आला नाही, म्हणजे प्रक्रियक काम थांबवीत असे. आयबीएमने १९८४ साली काढलेल्या एटी संगणकात या थांबण्याच्या इशाऱ्यावर प्रक्रियकास पुनश्च आरंभ करावयास लावणारी योजना होती. ८०२८६ संरक्षित अवस्थेत गेला की साध्या आज्ञेने पूर्वावस्थेत परतत नसे. त्यामुळे प्रणालीकारांनी हा पुनरारंभ मुद्दाम घडवून आणण्याची युक्तीही वापरली. अपघाताचा मार्ग अशा रीतीने वहिवाटीचा झाला. लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला तो याच घराण्यातील ८०३८६ प्रक्रियकावर, आणि ही वहिवाट लिनक्सच्या वाट्यास वारशाने आली. कर्नलने दोष हाताळण्याची आपली व्यवस्था मांडण्यापूर्वीच काही बिघडले, तर पडद्यावर एक अक्षरही न उमटता यंत्र पुन्हा सुरू होते, त्याचे मूळ येथे आहे.

याउलट कर्नल जेव्हा स्वतःच्या जाणिवेने हार मानते, तेव्हा त्यास ‘पॅनिक’ म्हणतात. त्या वेळी ते कारण लिहिते आणि, वेगळी नेमणूक केलेली नसल्यास, तसेच स्तब्ध राहते. यावरून तपासाचा एक महत्त्वाचा नियम निघतो. पॅनिकनंतर अमुक सेकंदांनी पुनरारंभ करावा अशी नेमणूक नसताना यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर संशय पॅनिकच्या खालच्या थरांवर जातो : वीज, स्मृतिपट्टी, उष्णता, पहारेकरी घड्याळ किंवा अगदी आरंभीचा दोष. तशी नेमणूक असल्यास ती आधी काढावी. मग कारणाची ओळ पडद्यावर थांबून राहते.

यानंतरचा प्रश्न कालनिश्चितीचा. खंड नेमका कोठे पडतो? ग्रबची यादी दिसण्यापूर्वीच पडत असेल, तर लिनक्सला दोष देण्याचे कारण नाही, कारण ते अद्याप रंगमंचावर आलेलेच नसते. यादीवरच यंत्र अर्धा तास थांबवून पाहावे. तेथेही ते पुन्हा सुरू झाले, तर दोष यंत्रसामग्रीत वा तिच्या अंगभूत आज्ञावलीत आहे, असे मानण्यास हरकत नाही. मात्र तेथे ते टिकले म्हणून यंत्रसामग्री निर्दोष ठरत नाही. यादीवर भार थोडा असतो, आणि दुर्बळ एसएमपीएस भार वाढल्यावरच हात टेकतो. यादीनंतर खंड पडत असल्यास जुने कर्नल निवडून पाहावे, संदेश झाकणारा ‘क्वायट’ हा शब्द आरंभाच्या ओळीतून काढावा, चित्रदर्शनाचा चालक ‘नोमोडसेट’ने दूर ठेवावा. ओळी फार वेगाने सरकत असतील, तर मोबाइलने त्यांचे चित्रण करावे. शेवटची दिसलेली ओळ हीच अखेरची साक्ष होय. तथापि ती ओळ कारण सांगतेच असे नाही. बखरीतील शेवटची नोंद जशी राज्याच्या नाशाचे कारण असेलच असे नसते, तसेच हे.

साक्ष यंत्राच्या बाहेर वा सुरक्षित जागी ठेवणे, हा खरा उपाय. सीरियल तारेवरून किंवा जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठविण्याची सोय याच हेतूने झाली. पीस्टोर ही व्यवस्था २०११ साली कर्नलमध्ये आली. तिच्या योगाने अखेरचे संदेश पुनरारंभानंतरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवता येतात. २०१० साली प्रकट झालेल्या सिस्टिमडीच्या पुढे तयार झालेल्या रोजनाम्यातून मागील आरंभाच्या नोंदी वाचता येतात, परंतु त्या तबकडीवर कायम ठेवण्याची व्यवस्था असेल तरच. फेराइटच्या कड्यांनी जे सहज दिले होते, ते येथे प्रयत्नपूर्वक परत मिळविले आहे.

गिरगावच्या शेजारी, ऑपेरा हाउसकडून उत्तरेस जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडवर तपासाची दुसरी परंपरा आढळते. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव धारण करणारा हा रस्ता अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी संगणकाच्या सुट्या भागांची बाजारपेठ म्हणून तो जुन्याच नावाने ओळखला जातो. येथील पद्धत अदलाबदलीची : रॅमची पट्टी बदलून पाहा, एसएमपीएस बदलून पाहा. ती अशास्त्रीय मुळीच नव्हे. १९९५ च्या एटीएक्स रचनेत वीज योग्य असल्याचा इशारा एसएमपीएसने मदरबोर्डास द्यावयाचा असतो. तो इशारा क्षणभर गेला तरी यंत्र पुन्हा सुरू होते, आणि हे कोणत्याही रोजनाम्यात लिहिले जात नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर फुगून असंख्य मदरबोर्ड निकामी झाले; ते निदान डोळ्यांनीच होत असे. मात्र अदलाबदल एका वेळी एकाच भागाची हवी. दोन भाग एकदम बदलले आणि यंत्र चालू लागले, तर दोष कोणाचा हे कळत नाही आणि चांगला भागही भंगारात जातो.

सर्वांत घातक उपाय म्हणजे तपासापूर्वीच प्रणाली नव्याने घालणे. त्याने रोजनामा जातो, आणि कित्येकदा त्यासोबत कामाचा मजकूरही जातो. आपल्या विभागांतून दप्तरांची छायाचित्रे, मोडीची लिप्यंतरे व वर्षानुवर्षांची टिपणे अशाच संगणकांवर साठविलेली असतात. म्हणून पहिले कर्तव्य हे की, तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडावी, अथवा पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करावे, आणि तबकडी केवळ वाचनापुरती उघडून मजकूर व नोंदी उतरवून घ्याव्यात. यंत्रसामग्रीवर संशय असल्यास यांपैकी पहिला मार्ग श्रेयस्कर. त्यानंतर एम्‌टेस्ट८६ सारख्या, १९९४ पासून चालत आलेल्या साधनाने स्मृतीची परीक्षा करावी आणि मगच अदलाबदलीस हात घालावा. जळक्या दप्तरखान्यात शिरणारा संशोधक आधी उरलेले कागद बाहेर काढतो, आग कशी लागली याची चौकशी नंतर करतो; हाच क्रम येथेही पाळावयाचा आहे.