देवाची प्रीती (ख्रिस्ती शिकवण)
ख्रिस्ती शिकवणीनुसार प्रीती हा देवाचा स्वभाव आहे; ती माणसाच्या पुण्याईचा मोबदला नव्हे. येशूचे वधस्तंभावरील मरण हा तिचा सर्वांत मोठा पुरावा मानतात (योहान 3:16, 1 योहान 4:8-10). ही प्रीती कोणापर्यंत पोहोचते, यावर मात्र पंथापंथांत जुना वाद आहे. डॉर्टच्या धर्मसभेने (1618-19) ख्रिस्ताचे प्रायश्चित्त निवडलेल्यांसाठीच परिणामकारक ठरवले. याउलट, 1708 मध्ये जर्मनीत उगम पावलेल्या ब्रेदरन पंथाचा अग्रणी अलेक्झांडर माक अखेरीस सर्वांचाच उद्धार होईल असे मानी. पण हे मत उघड प्रचारात आणू नये, असा सावध सल्लाही त्याने दिला.

याच पंथाचे अमेरिकी मिशनरी 20व्या शतकाच्या आरंभी डहाणूत आले व त्यांनी तेथे रुग्णसेवाही केली. त्यांची शिकवण तत्त्वचर्चेपेक्षा प्रीतिभोजनाच्या विधीत अधिक स्पष्ट दिसते. आत्मपरीक्षणानंतर कमरेला पंचा गुंडाळून पुरुष पुरुषांचे आणि स्त्रिया स्त्रियांचे पाय धुतात व पुसतात. मग साधे सहभोजन, शेवटी भाकर व प्याला. येथे मोठा-लहान हा भेद निदान तेवढ्यापुरता तरी उरत नाही. 1970 मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये (सीएनआय) ब्रेदरनही सामील झाले.

डहाणूजवळच्या तलासरीत येशूसंघीय कॅथलिकांचे ज्ञानमाता सदन वारली आदिवासींमध्ये काम करते. कॅथलिक मतानुसार (दुसरी व्हॅटिकन परिषद, 1964) सुवार्ता न कळलेल्या, पण सदसद्‌विवेकाने देवाचा शोध घेणाऱ्यांनाही तारण मिळू शकते. हिरवा, नारणदेव या वारली देवांना पूजणाऱ्या पाड्यांच्या शेजारी देवाची प्रीती कोणापर्यंत पोहोचते हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.