तळटीप १४ : लवचीक सौरपंख आणि दाबविद्युत पट्ट्या

१४. दाबविद्युत पदार्थ ताणला की त्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले; उलट, विद्युतदाब दिला की तोच पदार्थ आकार बदलतो. म्हणून तो कंपन ओळखूही शकतो आणि शमवूही शकतो. अवकाशात हवेचा अवरोध नसल्याने लांब, हलकी रचना एकदा हलली की बराच वेळ हलत राहते. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचे सौरपंख सावलीतून उन्हात जाताना तापमानातील फरकाने थरथरत. १९९३ मध्ये बसवलेल्या नव्या पंखांच्या दांड्यांना उष्णतारोधक आवरण दिले आणि थरथर बरीच कमी झाली. मग दाबविद्युत पट्ट्या हव्यात कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण आवरण फक्त ठाऊक असलेले कारण अडवते. पट्टी कारण न पाहता प्रत्यक्ष हालचालीला उत्तर देते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गणितात न धरलेली कंपने सक्रिय नियंत्रणामुळे उलट वाढू शकतात. म्हणूनच पट्टीला रोधक जोडून कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरवणारी, बाहेरची वीज न लागणारी व्यवस्था पाया मानावी आणि सक्रिय नियंत्रण त्यावर उभारावे, असे आमचे मत आहे.