विध्वंस कोणाचा?

इंग्रजी भाषेंत ‘डिस्ट्रॉय’ असें एक क्रियापद आहे. शाळेंतील मूल त्याचा अर्थ ‘नाश करणें’ असा पाठ करतें, आणि तेवढ्यावर आपलेंही समाधान होतें. परंतु शब्द सरकारी दप्तरांत शिरला म्हणजे त्याचा अर्थ केवळ कोशांत सांपडत नाहीं. तो कोणाच्या कृतीला लावला आणि कोणाच्या कृतीला लावला नाहीं, हें पाहावें लागतें. जुन्या चांदा जिल्ह्यांतील, विशेषतः आलापल्लीच्या परिसरांतील, रानांचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. या शब्दाचें मूळ लॅटिन आहे. ‘स्त्रुएरे’ म्हणजे रचणें, आणि ‘दे’ हा उपसर्ग त्याच्या उलट क्रिया दाखवितो. ‘स्ट्रक्चर’ हा शब्द याच कुळांतला. अर्थात् कोणीतरी रचलेलें मोडणें, हा मूळ भाव. आपल्याकडील शब्दांची जात निराळी आहे. ‘नाश’ ज्या धातूपासून आला, त्यांत दिसेनासें होण्याचा अर्थ आहे. ‘ध्वंस’ म्हणजे कोसळून पडणें. ‘उच्छेद’ म्हणजे छेदून टाकणें. आणि ‘निर्मूलन’ म्हणजे मुळासकट उपटणें. रान तर कोणा गवंड्यानें रचलेलें नव्हे. मग त्याची मोडतोड कोणती आणि वापर कोणता, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? खरा वाद येथेंच आहे.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. रुळांखालच्या स्लीपरांना टिकाऊ लांकूड हवें होतें. त्यामुळें सागवानाला नवें मोल आलें. १८६५ व १८७८ सालीं वनांचे कायदे झाले. त्या काळच्या कारभारांत या क्रियापदाचे दोन उपयोग नजरेंत भरतात.

पहिला उपयोग हिंस्र पशूंविषयींचा. वाघ, बिबटे व लांडगे यांच्या ‘डिस्ट्रक्शन’बद्दल सरकार रोख बक्षीस देई. येथें विध्वंस हें स्तुत्य कर्तव्य होतें. दुसरा उपयोग दह्याविषयींचा. डोंगरांतील गोंड व माडिया लोक झाडोरा तोडून वाळवीत, पावसाळ्यापूर्वीं जाळीत, आणि राखेंत बीं पेरीत. दोनतीन वर्षांनीं ती जागा सोडून ते पुढें जात व मागें पुन्हां रान वाढे. या शेतीला अधिकाऱ्यांनीं वनविध्वंसक ठरविलें. येथें तोच विध्वंस दोष झाला.

आणि सरकारनें स्वतः सागवान पाडलें, त्याला कोणता शब्द? त्याला ‘वर्किंग’ म्हणजे काम! रानाची तोड कोणत्या वर्षीं कोठें करावयाची हें ठरविणाऱ्या आराखड्यास ‘वर्किंग प्लॅन’ हें नांव पडलें, आणि तें आजही चालूं आहे. आतां, सागाचा बुंधा जमिनीलगत तोडला तरी खुंटास धुमारे फुटतात. तेव्हां शिस्तीची तोड म्हणजे नाश नव्हे, हें खरें. परंतु पुरेसा अवधि मिळाल्यास दह्याची जागाही भरून येते, हेंही तितकेंच खरें. घाई झाली कीं दोन्ही मार्गांनीं रान उजाड होतें. कृतींतील भेद कालाचा व प्रमाणाचा होता; शब्दांनीं तो माणसांचा केला.

शब्दाचा परिणाम कायद्यांत उतरला. १९२७ च्या वन कायद्यांत फिरती शेती हा हक्क न मानतां सवलत मानली आहे, आणि ती आवरण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येंत बांबूही ‘झाड’ ठरला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मात्र त्याला गौण वनोपजांत घातलें. त्या आधारें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवास २०११ सालीं स्वतःच्या रानांतील बांबू विकण्याचा परवाना मिळाला. १९२७ च्या कायद्यांतील झाडाच्या व्याख्येंतून बांबू गेला तो २०१७ सालीं. एका शब्दाची व्याख्या बदलण्यास नव्वद वर्षें लागलीं!

पशूंविषयींचा निवाडाही असाच फिरला. ज्या वाघाच्या वधास पूर्वीं बक्षीस मिळे, त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा ठरली.

आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नांवाचा थोडा वनखंड १९५३ पासून न तोडतां राखलेला आहे. २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. त्या उंच सागांखालीं उभें राहिल्यावर ‘विध्वंस’ या शब्दाचें वजन कळतें. म्हणून श्रोते हो, दप्तरांत अमक्यानें नाश केला असें वाचाल, तेव्हां तें लिहिणारा स्वतःच्या कुऱ्हाडीस काय म्हणत होता, हेंही अवश्य विचारा.