न आणलेल्या वह्यांची यादी

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक निरोप फिरत होता. गृहपाठाचा शोध म्हणे रॉबर्टो नेविलिस नावाच्या इटालियन शिक्षकाने लावला; कुठे साल १०९५, कुठे १९०५. खाली सगळ्यांनी त्या बिचाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. माझी २५ वर्षं इतिहास शिकवण्यात गेली, म्हणून सांगणं भाग आहे : या गृहस्थाचा कसलाही पुरावा नाही. मात्र गृहपाठ असावा की नसावा, या भांडणाला खरा इतिहास आहे.

१९०० साली अमेरिकेत ‘लेडीज होम जर्नल’चे संपादक एडवर्ड बॉक यांनी घरच्या अभ्यासाविरुद्ध मोहीम उघडली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने १५ वर्षांखालील मुलांना घरी अभ्यास द्यायला कायद्याने बंदी केली. १९१७ मध्ये ती उठली. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि मग तिथे मुलांना जास्त अभ्यासाला लावा, अशीच हाकाटी सुरू झाली.

आपल्याकडे हा विषय संसदेत गाजला तो १९८९ मध्ये, म्हणजे आपण दहावीची परीक्षा दिली त्याच वर्षी. ‘मालगुडी डेज’ आपण टीव्हीवर पाहिलेलं. त्याचे लेखक आर. के. नारायण तेव्हा राज्यसभेत होते. दप्तराच्या ओझ्याने मुलं वाकून चालतात आणि संध्याकाळी घरी आई किंवा शिकवणीचे मास्तर त्यांच्यावर झडप घालायला टपलेले असतात, असं ते बोलले. १९९२ मध्ये सरकारने प्रा. यशपाल यांची समिती नेमली. यशपाल म्हणजे ‘टर्निंग पॉइंट’मध्ये दिसायचे ते, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. जुलै १९९३ च्या त्यांच्या अहवालाने सांगितलं, की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक आहे. प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको. दिलाच तर घर-परिसरात काही शोधायला लावणारा. वरच्या वर्गांना गरजेपुरता, आणि तोही पुस्तकातला नको.

बी.एड.ला हा अहवाल वाचताना मला आपला वर्ग आठवला. मी मॉनिटर. पहिल्या तासाला वह्या गोळा करायच्या आणि न आणणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. एक नाव जवळजवळ रोज असायचं. ते इथे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि संध्याकाळी तोच ती चालवायचा. कधीमधी वही आणली तर तिच्या पानांमध्ये पीठ असायचं. हे मला ठाऊक होतं, सरांना नव्हतं. साठ मुलांच्या वर्गात त्यांना कळणार तरी कसं? मी एकदाही सांगितलं नाही. छडी त्याच्या हातावर बसायची आणि मी डस्टरने त्याचं नाव पुसायचो.

२०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात आता तासांचा हिशोब आहे : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवी रोज १ तास, नववीपासून २ तास. हेतू चांगला आहे. पण गिरणी रात्री नऊला बंद होत असेल, तर ते २ तास कुठून आणायचे, याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात मला सापडलेलं नाही.

गृहपाठ मी मात्र बंद केला नाही. सनावळी एकदा ऐकून राहत नाही, आणि गणिताला तर सराव हवाच, हे आपले सर म्हणत ते खरंच होतं. मी एवढंच केलं, की वर्गात यादी केली नाही. वही न आणणारा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून डबा खाता खाता अभ्यास उरकायचा. त्यात काही निव्वळ आळशीही निघाले. त्यांना मी बोललोसुद्धा.

या स्मरणिकेच्या वर्गणीसाठी गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. गिरणी आता विजेवर चालते, मुलगा बघतो. मी फळ्याचा विषय काढला. तो हसला. “गणितं यायची रे सगळी,” म्हणाला, “पट्ट्याजवळ बसून तोंडी करायचो. लिहायला हात मोकळा नसायचा.” मग वर्गणीचे पैसे मोजून देताना त्याने पावती मागितली.