कण्यातील नलिका अरुंद होते तेव्हा : वेदना आणि उपचारांची निवड

साठी ओलांडलेल्या अनेकांची तक्रार सारखीच असते. घरात बसून असताना विशेष त्रास नसतो. मात्र थोडे अंतर चालले की कंबरेखाली पाय भरून येतात, मांड्या व पोटऱ्यांमध्ये मुंग्या येतात आणि पुढचे पाऊल टाकणे कठीण होते. कट्ट्यावर पाच मिनिटे टेकले, की पुन्हा चालता येते. वयोमानाची थकावट समजून या त्रासाकडे दुर्लक्ष केले जाते. प्रत्यक्षात ते ‘लंबर स्पायनल स्टेनोसिस’ अर्थात कंबरेच्या मणक्यांतील नलिका अरुंद होण्याच्या विकाराचे लक्षण असू शकते. या विकारात जिवाला सहसा धोका नसतो. पण माणसाचे हिंडणे-फिरणे आणि त्याबरोबर त्याचे स्वावलंबन हळूहळू कमी होत जाते.

विकार नेमका काय आहे?

पाठीच्या कण्यातून वरपासून खालपर्यंत एक नलिका जाते. तिच्यातील मज्जारज्जू प्रौढ व्यक्तीत कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि तेथून पुढे चेतातंतूंचा जुडगा पायांकडे, तसेच मूत्राशय व गुदद्वाराकडे जातो. वय वाढते तशी मणक्यांमधील गादी झिजून फुगते, सांध्यांवर हाडांची वाढ होते आणि नलिकेच्या मागच्या बाजूचा अस्थिबंध जाड होतो. या तिन्हींमुळे नलिकेतील जागा कमी होऊन चेतातंतूंवर दाब येतो. चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या दरम्यान हा दाब सर्वाधिक आढळतो. काहींची नलिका जन्मतःच अरुंद असते, तर काहींमध्ये मणका पुढे सरकल्याने हा त्रास उद्भवतो. नेदरलँड्समधील शल्यचिकित्सक हेंक वर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि त्यानंतर त्याकडे स्वतंत्र विकार म्हणून पाहिले जाऊ लागले.

पुढे वाकल्यावर नलिकेतील जागा किंचित वाढते, तर ताठ उभे राहिल्यावर ती कमी होते. त्यामुळेच या रुग्णांना सायकल चालवणे किंवा हातगाडी ढकलत चालणे जमते. मात्र रांगेत उभे राहणे किंवा उतार उतरणे त्रासदायक ठरते. निदानासाठी ही खूण महत्त्वाची आहे. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यासही चालताना पोटऱ्या दुखतात. परंतु त्या रुग्णाला नुसते उभे राहिल्यानेही आराम पडतो, बसावे किंवा वाकावे लागत नाही. मधुमेहामुळे होणारा चेतातंतूंचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि खुब्याच्या सांध्याची झीज यांची लक्षणेही याच्याशी मिळतीजुळती असतात. ती शक्यता तपासणे आवश्यक असते.

केवळ एमआरआयवर विसंबू नये

‘मणक्यात गॅप पडली’, ‘नस दबली’ असे शब्द अहवाल हाती पडताच कानी येतात आणि रुग्ण हादरतो. मात्र अहवालातील चित्र आणि प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. कधीही पाठदुखी न झालेल्या व्यक्तींची एमआरआय तपासणी करून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, साठीपुढील सुमारे २१ टक्के व्यक्तींमध्ये नलिका अरुंद झालेली आढळली होती. म्हणूनच उपचार अहवालानुसार नव्हे, तर रुग्णाच्या लक्षणांनुसार ठरवायचे असतात. सौम्य व मध्यम त्रास असलेल्या अनेकांची प्रकृती वर्षानुवर्षे स्थिर राहते. त्यांना अचानक पांगळेपण येणे विरळ असते.

शस्त्रक्रियेशिवाय उपचार

पहिली पायरी व्यायामाची आहे. भौतिकोपचार तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली पोट व कंबरेच्या स्नायूंचे व्यायाम, पाठ पुढे वाकवण्याचे प्रकार आणि जागीच चालवण्याची सायकल यांचा उपयोग होतो. कंबर मागे वाकवणारी आसने या रुग्णांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत. चालणे बंद करण्याऐवजी ते टप्प्याटप्प्याने करावे आणि वाटेत विसाव्याच्या जागा हेराव्यात. काठीचा किंवा वॉकरचा आधार घेण्यात कमीपणा नाही. कंबरेचा पट्टा थोडा वेळ आराम देतो. परंतु तो सतत वापरल्यास स्नायू दुर्बळ होतात.

औषधांनी वेदना सुसह्य होते. अरुंद झालेली नलिका मात्र त्यांनी रुंद होत नाही. दाहविरोधी वेदनाशामक गोळ्या ज्येष्ठांनी मनाने दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण, मूत्रपिंडाला इजा आणि रक्तदाबात वाढ असे परिणाम संभवतात. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन यांसारख्या औषधांनी गुंगी व चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. या विकारातील त्यांच्या लाभाचा पुरावाही मर्यादित आहे. ट्रामाडोल हे अफूवर्गीय औषध २०१८ पासून भारतात अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. त्याची सवय लागू शकते, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे.

‘पाठीतील इंजेक्शन’ म्हणून परिचित असलेल्या स्टेरॉइडच्या उपचाराबाबत अपेक्षा मर्यादित ठेवणे हिताचे ठरेल. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बधिरीकरणाच्या औषधात स्टेरॉइड मिसळल्याने सहा आठवड्यांनंतर नगण्य किंवा काहीच अधिक लाभ दिसला नाही. तरीही काही रुग्णांना पायातील तीव्र वेदनेपासून तात्पुरता दिलासा मिळतो. मधुमेहींची साखर या इंजेक्शननंतर काही दिवस वाढू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद न करता आधी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.

शस्त्रक्रिया केव्हा?

मणक्याच्या मागील हाडाचा व जाड अस्थिबंधाचा भाग काढून चेतातंतूंवरील दाब दूर करणे, हे शस्त्रक्रियेचे मूळ स्वरूप होय. तिचा लाभ कंबरदुखीपेक्षा पायांच्या वेदनेत आणि चालण्याच्या क्षमतेत अधिक दिसून येतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांना दोन वर्षांपर्यंत इतरांहून अधिक आराम मिळाल्याचे आढळले. दुसऱ्या बाजूला, २०१५ मधील १६९ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या आणि भौतिकोपचाराच्या गटांची दोन वर्षांनंतरची स्थिती जवळपास सारखी होती. मात्र भौतिकोपचाराच्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी पुढे शस्त्रक्रियाच स्वीकारली होती. मणके स्क्रूने जोडण्याची गरज प्रत्येकाला नसते. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा जोडणीमुळे दोन वर्षांनंतर अतिरिक्त लाभ आढळला नाही. तशी शिफारस झाल्यास तिचे कारण अवश्य विचारावे आणि दुसऱ्या तज्ज्ञाचेही मत घ्यावे.

जंतुसंसर्ग, चेतातंतूंभोवतीचे आवरण फाटणे, पायांत रक्ताची गुठळी होणे आणि कालांतराने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे धोके आहेत. त्याचबरोबर निर्णय अनिश्चित काळ लांबवणेही योग्य नाही. वर्षभरापेक्षा कमी काळ त्रास असलेल्यांना कोणत्याही उपचाराचा लाभ तुलनेने अधिक मिळतो, असे आढळून आले आहे.

निर्णय घेण्यापूर्वी रुग्णाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. न थांबता किती चालता येते? ते अंतर घटत आहे काय? सर्वाधिक त्रास पायांचा आहे की कंबरेचा? कमीत कमी तीन महिने नियमित व्यायाम झाला आहे काय? हृदयविकार, मधुमेह यांमुळे भूल देण्यातील जोखीम किती आहे? घरी शुश्रूषेला कोण असेल? मंदिरापर्यंत चालत जाणे एखाद्याला पुरेसे वाटेल, तर दुसऱ्याला शेतावर उभे राहून काम करायचे असेल. त्यानुसार दोघांचे निर्णय भिन्न असतील आणि दोन्ही योग्य असतील. खर्चाचा विचारही आवश्यक आहे. आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक संरक्षण २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता खुले झाले आहे. नियोजित शस्त्रक्रिया त्यात समाविष्ट आहे किंवा कसे, याची रुग्णालयात आधीच चौकशी करावी.

विलंब नको, अशी लक्षणे

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील नियंत्रण सुटणे, जांघा व बैठकीचा भाग बधिर होणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काही तासांचा उशीरही कायमच्या अपंगत्वास कारण ठरू शकतो. हातांनी सदऱ्याची बटणे लावणे अवघड होऊन चालताना तोल जाऊ लागल्यास मानेच्या मणक्यांत दाब असण्याची शक्यता असते. त्याचीही तपासणी लवकर करून घ्यावी. पाठदुखीसोबत ताप, अकारण वजन घटणे किंवा रात्री झोप मोडणारी वेदना असल्यास क्षयरोग व कर्करोगाची शक्यता पडताळणे गरजेचे असते.

ही लक्षणे नसतील, तर बहुतेक रुग्णांना विचार करण्यास पुरेसा अवधी असतो. त्या अवधीत व्यायाम चालू ठेवावा, चालण्याच्या अंतराची नोंद ठेवावी आणि ती नोंद घेऊनच डॉक्टरांशी चर्चा करावी.