स्वस्तातली होडी

होडी घ्यायची तर आगोटीला घ्यावी, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. मे महिना संपत आलेला असतो. पुढचे तीन महिने होडी खोपीत पडून राहणार, तिच्यावर नवे झाप घालायचे, पावसापाण्यात तिची राखण करायची, आणि इकडे घरात तांदळाची भरणी करायची, पोरांच्या वह्या-पुस्तकांचं बघायचं. अशा वेळी विकणारा अडलेला असतो. नारळी पौर्णिमा जवळ आली की तीच होडी तोच माणूस दुपटीनं सांगतो. त्यात काही लबाडी नाही. भाव होडीचा नसतो, अडचणीचा असतो.

आमच्या घरात पहिली होडी आली ती अशीच, १९८३च्या आगोटीला. मी तेव्हा आठवीत होतो.

आमचं घर काळावलीच्या खाडीकाठी. वडील दुसऱ्यांच्या होडीवर वाटेकरी म्हणून जात. त्यांचे मोठे भाऊ, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणे, ते मुंबईत गिरणीत फिटर. दर महिन्याला अण्णांची मनीऑर्डर यायची आणि घर चालायचं. कोकणातल्या निम्म्या घरांची गोष्ट तेव्हा हीच होती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत पुढारी. सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिन्यांत मिटेल. अण्णा शिमग्याला घरी आले ते काकी आणि दोन मुलींसकट. पालखी झाली, लोक परत जाऊन बघून आले, पण गिरणीचा भोंगा काही वाजेना. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अण्णांच्या हजेरीच्या कार्डावर पुढचा शिक्का कधी पडला नाही.

वर्षभर त्यांनी वाट बघितली. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "एक होडी घेवया. जुनी. मी दुरुस्त करतंय."

काकीनं ताटावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या होत्या. पाटल्या सोनाराकडे गेल्या होत्या आणि घरात तीन हजार रुपये आले होते.

समोर तळाशील-तोंडवळीची वाळूची लांब पट्टी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या. तिथे एका म्हाताऱ्या तांडेलाची होडी विकायची आहे असं कळलं. अण्णा, वडील आणि मी तरीतून पलीकडे गेलो. माडांच्या बुंध्याशी झापांची खोप, आत ती होडी. बावीस फुटांची, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. सबंध अंगात खिळा म्हणून नाही.

अण्णांनी सरळ भाव विचारला. तांडेल हसला. "पैशे मगे बोल. आधी हिका हात लावन बघ."

त्या दिवशी जुनी होडी कशी बघायची ते मी पहिल्यांदा पाहिलं, तेही विकणाऱ्याकडूनच. त्यानं कमरेचं दाभण काढून अण्णांच्या हातात दिलं. म्हणाला, जिथे आत जाईल तिथे लाकूड गेलं. मग बोटाच्या पेरांनी फळी वाजवून दाखवली. निरोगी फळी खणखणीत बोलते, कुजलेली भिजल्या गोणीसारखी मुकी राहते. बाहेरून बघू नको, आत वाक, जिथे पावसाचं पाणी साचतं ती जागा आधी चाचप. "खाऱ्या पाण्यान लाकूड मरणा नाय, गोड्या पाण्यान मरता." हे वाक्य पुढे चाळीस वर्षं मला उपयोगी पडलं. समुद्रात रोज भिजणारी होडी टिकते. खोपीला भोक पडून जिच्यात दोन पावसाळे पाणी ठिबकलं, ती बाहेरून चकचकीत दिसली तरी आतून गेलेली असते.

अण्णांना नाळेजवळच्या दोन फळ्या मऊ लागल्या. तांडेलानं बाराशे सांगितले होते. अण्णांनी त्या दोन फळ्यांवर बोट ठेवून ठेवून ते नऊशेवर आणले. गिरणीत युनियनच्या बैठकांत बसलेला माणूस, बोलण्यात कोणाला ऐकणारा नव्हता. म्हाताऱ्यानं खाडीकडे बघत मान हलवली. परतताना तरीत अण्णा खुशीत होते. "तीनशे वाचले," म्हणाले.

वडील काही बोलले नाहीत. ती होडी का विकायला निघाली ते त्यांना ठाऊक होतं.

ती रापणीची होडी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, दोन्ही टोकं किनाऱ्याला येतात आणि मग सगळी वाडी दोरीला लागते. म्हातारे, बाया, शाळा बुडवलेली पोरं, सगळ्यांना वाटा. पण रापण जगते ती किनाऱ्याला येणाऱ्या माशांवर. यांत्रिक ट्रॉलर वाढले, आणि मासा किनाऱ्याला यायच्या आधीच बाहेर उचलला जाऊ लागला. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. कायदा कागदावर आला तोवर तांडेलाच्या रापणीतली निम्मी माणसं ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेली होती. दोरी ओढायला माणसं नाहीत, मग होडी कशाला? म्हणून ती नऊशेला आमची झाली. एकाची गिरणी बुडाली, दुसऱ्याची रापण, आणि व्यवहार झाला तो या दोघांत.

पावसाळाभर होडी आमच्या अंगणात होती. चौथ्या दिवशी तांडेल न बोलावता आला. बगलेत काथ्याच्या दोऱ्याची गुंडी. पडवीत बसला, चहा घेतला आणि म्हणाला, शिवण तुमच्यानं व्हायची नाही.

ती विद्या किती जुनी आहे ते मला फार नंतर वाचून कळलं. तेराव्या शतकात मार्को पोलोनं इराणच्या आखातात होर्मुझ बंदरावर अशीच नारळाच्या काथ्यानं शिवलेली आणि माशाचं तेल फासलेली जहाजं पाहिली आणि ती फार वाईट, धोक्याची असल्याचं लिहून ठेवलं. त्याला खिळ्यांच्या जहाजांची सवय. पण लाटेत वाळूवर आपटणारी होडी जरा वाकावी लागते. खिळा वाकत नाही, फळी फाडतो. शिवण मात्र श्वास घेते. आणि मुख्य म्हणजे शिवलेली होडी उसवता येते. फळी गेली तर तेवढी शिवण कापायची, फळी बदलायची, पुन्हा शिवायची. सुतार परवडत नसलेल्या माणसानं स्वतः दुरुस्त करावी, अशीच ती बांधलेली असते.

काथ्याही घरचाच. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजवायची, बडवायची, मग बायांनी मांडीवर वळायची. आमच्या आजीनं आणि काकीनं त्या पावसाळ्यात किती वाव दोरा वळला याचा हिशेब नाही. अण्णांनी आंब्याच्या दोन फळ्या आणून जुन्या फळ्यांच्या मापानं कापल्या, कडेला सारख्या अंतरावर भोकं पाडली. सांध्यावर आतून काथ्याची वळी ठेवायची, तिच्यावरून दोरा आडवातिडवा घ्यायचा, काठीनं पीळ देऊन ताणायचा, भोकात काथ्याचा बोळा ठोकायचा आणि वरून राळ. मी बाहेरून दोरा ढकलायचो, तांडेल आतून ओढायचा. शेवटी सबंध होडीला माशाचं तेल. त्या वासानं शाळेत माझ्या बाकावर आठवडाभर कोणी बसलं नाही.

म्हाताऱ्यानं मजुरी घेतली नाही. अण्णांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "होडी माझी होती तेवा खोपीत सडलीहा. निदान आता तरी पाण्याक लागांदे."

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण अण्णा इंजिनवाले. वल्हं मारणं त्यांना मागासलेपण वाटे. श्रावणाच्या तोंडाला ते मुंबईला गेले ते थेट माझगावच्या दारूखान्यात. तिथे तेव्हा जुनी जहाजं फोडत आणि त्यांच्या पोटातलं सगळं विकायला मांडलेलं असे: दोरखंड, कंदील, पितळेच्या खिडक्या, संडासाची भांडीसुद्धा. तिथून त्यांनी एका सिलिंडरचं डिझेल इंजिन सोळाशेला उचललं. नवा हिरवा रंग, हात फिरवला तर चटकन फिरणारं. मालाच्या ट्रकमधून ते आलं, चौघांनी बांबूला बांधून अंगणात आणलं.

तांडेलानं ते बघितलं आणि म्हणाला, "काथ्याक धडधड सोसणा नाय."

अण्णांनी ऐकलं नाही. नारळी पौर्णिमेनंतर होडी खाडीत घातली, इंजिन बसवलं. दहा मिनिटं सगळं झकास. मग पायाला ओलं लागलं. धडधडीनं शिवण सैल झाली होती, प्रत्येक सांध्यातून पाणी पाझरत होतं. पाठोपाठ इंजिनच्या अंगातून वाफ. आम्ही पोहत आणि ओढत होडी काठाला आणली. रंग खरवडला तेव्हा खाली वीतभर तडा निघाला. बिडाचं इंजिन बेसुमार तापलेलं असताना कोणीतरी त्यावर थंड पाणी ओतलेलं असणार. बीड अशानं चिरतं. तडा रंगानं झाकला होता.

काकी दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "माझ्यो पाटल्यो परत येतल्यो काय?"

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. दोन दिवस अंगणातल्या इंजिनासमोर बसून होते. होडीची शिवण पुन्हा आवळायला तांडेल आला होता, त्याच्या हाताकडे बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून हत्यारं काढली. बिडाला साधं वेल्डिंग करायला गेलं तर शेजारी नवा तडा जातो. म्हणून गिरणीत जुन्या यंत्रांवर ते एक कसब करत. तड्याच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तड्यावर एक भोक, त्यात आटे पाडायचे, तांब्याचा स्क्रू घट्ट बसवून कापायचा. पुढचं भोक आधीच्या स्क्रूला थोडं खाऊन पाडायचं. असे एकात एक अडकलेले स्क्रू सबंध तड्यावर, आणि वरून हातोडीनं हलके ठोके. सगळं हातड्रिलनं. आठ दिवस लागले. तांडेल बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे ही पण शिवणच."

इंजिन सुरू झालं आणि थेंबभर पाणी गळलं नाही. पण ते आमच्या होडीत पुन्हा चढलं नाही. खिळ्यांची होडी असलेल्या एकाला अण्णांनी ते बेचाळीसशेला विकलं. तडा दाखवून, शिवण दाखवून, काही लपवलं नाही. त्यानं उलट दुसऱ्या दिवशी आपल्या भावाचं बंद पडलेलं इंजिन आणून टाकलं. मग आणखी एक. दोन वर्षांत आमची पडवी म्हणजे कारखाना झाली. होडीवर वडील वल्ही मारून खाडीत जात राहिले, पण घर सावरलं ते अण्णांच्या हातांनी. संपातून परत आलेले किती तरी गिरणीवाले गावात नुसते कुढत बसले. अण्णांना जुनं मोडकं इंजिन भेटलं हे नशीब.

पाटल्या पुढच्या दिवाळीला सुटल्या. त्याच आठवड्यात अण्णा मला घेऊन तरीतून पलीकडे गेले. तांडेलासमोर त्यांनी तीनशे रुपये ठेवले.

"ह्ये कसले?"

"ऱ्हवलेले."

म्हातारा नोटांकडे बघत बसला. "होडी पाण्यात असा मां? मगे झालां." तरी अण्णांनी ते उचलले नाहीत.

पुढे शिवणारे हात गेले. फायबरच्या होड्या आल्या. आता लाकडी होडी घेतं ते हॉटेल, दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायला. फायबरसुद्धा जुना झाला आहे आणि विकत घेणारी तरुण मुलं माझ्याकडे विचारायला येतात. मी त्यांना सांगतो: आगोटीला घ्या. इंजिनचा रंग नवा दिसला तर नखानं खरवडून बघा. फायबर पेरांनी वाजवून बघा, जिथे मुका लागेल तिथे आत पाणी शिरलंय. होडीसाठी जेवढे पैसे ठेवलेत त्यातले निम्मेच होडीला द्या, बाकीचे दुरुस्तीला लागणारच.

आणि भाव करण्याआधी विकणाऱ्याच्या पडवीत बसा, चहा घ्या, का विकतोय ते विचारा. त्याच्याकडून दोन गोष्टी शिकायला मिळतात, हा फायदा आहेच. पण आपल्या हातात स्वस्त आलेली वस्तू कोणाच्या तरी हातातून निसटलेली असते, हेही कळतं. तेवढं कळल्यावर तीनशे रुपये कापायचे की नाहीत, ते ज्यानं त्यानं ठरवावं.